आवाज जात नाही

"श्री. गमरे, तुमचा आवाज येत नाहीये. पाच मिनिटं थांबते, मग गैरहजर लिहिते."

लॅपटॉपमधून नम्रता मॅडम बोलल्या आणि दत्ताराम गमरे पडद्याला नाक लागेल इतके पुढे वाकले. मॅडम गिरणी कामगारांच्या घरांची पात्रता तपासणाऱ्या अधिकारी. त्यांचं बोलणं लालबागच्या या दहा बाय बाराच्या खोलीत लख्ख ऐकू येत होतं. दत्तारामांचं मात्र इथून निघून वाटेत कुठे बसकण मारत होतं, कुणास ठाऊक. सुनावणीची ही तिसरी आणि शेवटची तारीख. आधीच्या दोन याच इंटरनेटने गिळल्या होत्या. आज गैरहजर लागला की फाइल बंद आणि घर गेलं.

फाइल तशी लंगडीच. दत्ताराम साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणलं जायचं त्या खात्यात, सात वर्षं बदली कामगार होते. बदलीचं कार्ड वाळवीने खाल्लं. गिरणीचं हजेरीपुस्तक गिरणीबरोबर गेलं. हातात उरला होता फक्त तोंडी जबाब, आणि तोंड तर पलीकडे पोचतच नव्हतं.

त्या इंटरनेटचा वेग काय सांगावा. या चाळीतून संक्रांतीला पाठवलेला तिळगूळ समोरच्याला होळीला मिळतो असं लोक म्हणत, आणि चाळीतले लोक कमी करूनच सांगतात. मोबाइलची रेंज समोरच्या बेचाळीस मजली टॉवरने कधीच पळवलेली. जी काय एक काडी यायची ती उंबरठ्यावर. तिथेच त्यांची सून दीपिका कानाला फोन लावून एका पायावर उभी होती.

"मॅडम, तुमची तक्रार कालच सोडवली गेली आहे," कंपनीचा माणूस सांगत होता.

"कुणी सोडवली? इथे कुत्रं फिरकलं नाही."

"सिस्टिममध्ये तसं दिसतंय. राउटर बंद करून चालू केलात का?"

"सकाळपासून नऊ वेळा. आता त्यालाच चक्कर यायला लागलीय. भाऊ, माझ्या सासऱ्यांचं घर जाईल हो."

"मी वरिष्ठांशी बोलतो. होल्डवर राहा." आणि फोनमध्ये बासरी वाजू लागली.

दीपिकाने तशीच उडी मारून कॅलेंडरच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'आवाज जात नाही' लिहिलं आणि ते कॅमेऱ्यासमोर धरलं.

"काहीतरी पांढरं दिसतंय," मॅडम म्हणाल्या. "दोन मिनिटं राहिली."

सुनावणीच्या नोटिशीवरचा ऑफिसचा नंबर तर सकाळपासून कुणी उचललाच नव्हता. दत्ताराम ओरडले. इतके ओरडले की खालच्या मजल्यावरचा लोहार दुकान सोडून बघायला वर आला. पडद्यावर ढिम्म. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. त्यांच्या शेजारी कामगारांचे प्रतिनिधी रामदास बसले होते. पांढऱ्या मिशा, परळच्या कुठल्याशा दुसऱ्या गिरणीतले. अकरा सुनावण्या ऐकून त्यांच्या पापण्या जडावल्या होत्या.

"वेळ संपली," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी 'गै' लिहिला.

तेव्हा दत्तारामांचे हात आपसूक वर गेले. त्यांनी ते उचलले नाहीत, ते गेले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांपासून झटक्यात तोडली. मूठ आवळून छातीशी धरली. मग मिशी पिळल्यासारखं केलं आणि रिकामा तळवा हलवला. पडद्यावर चित्र अडकत होतं, म्हणून प्रत्येक खूण हलेपर्यंत धरून ठेवली. गिरणीतही अशीच धरून ठेवावी लागायची, चार साच्यांपलीकडच्या माणसाची नजर वळेपर्यंत.

रामदासांच्या पापण्या उघडल्या. ते खुर्चीतून पुढे सरकले. मग त्यांनी स्वतःचे हात वर केले, कानाजवळ दोन बोटं फिरवली आणि भुवया उंचावल्या.

दत्तारामांनी तत्काळ चार बोटं दाखवून तळहात खाली दाबला.

रामदास खो खो हसले.

"काय चाललंय हे?" मॅडमनी पेन थांबवलं.

"मॅडम, ते म्हणतात, तार तुटलीय, साचा बंद आहे आणि तो दुरुस्त करणारा जॉबर येत नाही. म्हणजे इंटरनेटवाला हो. मी विचारलं, किती साचे सांभाळायचात? म्हणाले, चार, रात्रपाळीला."

"पण कागद कुठाय? हातवाऱ्यांवर मी काय लिहू?"

"दोनशे साचे एकदम धडधडायचे तिथे. शेजारच्याने कानात बोंब मारली तरी ऐकू यायचं नाही. ही बोली त्या खात्यात उभं राहिल्याशिवाय कुणाला येत नाही, मॅडम. पुस्तकात नाही की शाळेत नाही. असली फाइल प्रतिनिधीच्या साक्षीवर चालते ना? मी त्यांना आणखी दहा प्रश्न विचारतो. खाली सही ठोकतो. मग तुमची करा."

मॅडमनी 'गै'वर रेघ मारली आणि नवा कागद ओढला.

"विचारा."

रामदासांचे हात सुरू झाले, दत्तारामांचे त्यांना उत्तर देऊ लागले. चाळीस वर्षांत न हललेली बोटं अशी पळत होती की दाराशी जमलेले चाळीचे लोक अजून सांगतात, त्यांना त्या वेळी खोलीत कापडाचा वास आला.

तेवढ्यात उंबरठ्यावर बासरी थांबली.

"बाबा," दीपिका धापा टाकत आत आली, "वरिष्ठ स्वतः लाइनवर आहेत. दोन मिनिटांत आवाज चालू करून देतो म्हणतात."

दत्तारामांनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"त्याला सांग," ते म्हणाले, "मॅडमची सही होईपर्यंत कशाला हात लावू नकोस."