ओ द्यायची घाई

“मामी, तुमी जरा भाईर पडवीत बसा,” शमशाद म्हणाली, आणि रंभाबाईचा चेहरा उतरला.

तिने आधी शमशादकडे पाहिलं, मग स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे, कुशाबाकडे. आपल्यावाचून ह्यांचं कसं व्हायचं, हेच तिला समजेना. तरी ती उठली आणि पौडच्या दवाखान्यातल्या त्या खोलीबाहेर जाऊन बसली.

कुशाबाने तीस वर्षं मुळशी धरणाच्या पाण्यात होडी चालवली होती. त्याची हाक या काठावरून त्या काठाला जायची. दिवाळीच्या तोंडावर त्याला लकव्याचा झटका आला. पाय सावरले, उजवा हातही थोडाफार वळू लागला, पण वाचा गेली ती गेलीच. त्याला समजायचं सगळं. तोंडातून मात्र “ता, ता” एवढंच यायचं.

आज शमशादची परीक्षा होती. ती पौडच्या बाजारातल्या पीरमहंमद मणेराची मुलगी. मॅट्रिक होऊन दोन वर्षं बापाच्या बांगड्यांच्या दुकानावर बसलेली. बाईने हात पुढे करायचा अवकाश, शमशाद तिच्या बांगडीचं माप आणि रंग सांगून मोकळी व्हायची. बोलता न येणाऱ्या माणसांना बोलतं करणारे मदतनीस तयार करायचा वर्ग पुण्याच्या एका इस्पितळात निघाला, तेव्हा तिने बापाकडे हट्ट धरला. बापाने एक वर्ष दिलं. त्यानंतर लग्न, हे त्याने तेव्हाच बजावलं होतं. पास झाली तर पौडची ही दर गुरुवारची खोली तिच्या हाती येणार होती आणि लग्नाचं मग बघू, इथवर तिने त्याला आणलं होतं. नापास झाली तर खोलीही बंद.

वर्षभरात ती सगळं शिकली. चित्रांची कार्डं, आरशासमोरचे ओठांचे व्यायाम, रोजच्या नोंदी. एकच गोष्ट जमेना. पेशंट “पा... पा...” करत अडला की ही “पाणी” म्हणून टाकायची. शिकवणाऱ्या आगाशेबाईंनी तिला दोनदा खडसावलं होतं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या होत्या, “शमशाद, तुझी जीभ चपळ आहे. पण या कामात दुसऱ्याच्या जिभेची वाट बघावी लागते.”

त्याच आगाशेबाई आज कोपऱ्यात, मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या.

आणि रंभाबाई तर शमशादच्याही वरताण होती. कुशाबाला चहा हवा का विचारलं की ती म्हणायची, नगं, आत्ताच झालाय. हात दुखतो का विचारलं की तीच सांगायची, राती लई दुखला. नवरा शब्दासाठी झटू लागला की तिला बघवायचं नाही. चारचौघांत त्याची फजिती नको, म्हणून ती झटकन मध्ये पडायची. चार गुरुवार शमशाद हे बघत होती. बघता बघता तिला त्या बाईत स्वतःचंच रूप दिसू लागलं होतं. म्हणून आज रंभाबाईला बाहेर बसवलं.

शमशादने होडीचं चित्र दाखवलं. वल्ह्याचं दाखवलं, माशाचं दाखवलं. पण कुशाबाची नजर राहून राहून दाराकडे जात होती. शेवटी शमशादने कार्डं बाजूला सारली. आगाशेबाईंनी भुवया उंचावल्या.

“मामा, भाईर कोन बसलंय?” शमशादने विचारलं. “मारा हाक.”

कुशाबाने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज नाही. शमशादने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. काय हाक मारायची हे तिला ठाऊक होतं. चाळीस वर्षांच्या संसारात कुशाबाने बायकोचं नाव कधी घेतलं नव्हतं. तशी रीतच नव्हती. थोरल्या मुलावरून तो तिला “सोपानाची आय” म्हणायचा. शमशादने नुसतं “सो” म्हटलं असतं तरी त्याची जीभ सुटली असती. तिच्या ओठांवर तो “सो” येऊन बसला होता. तिने ओठ मिटून घेतले.

बाहेर एसटी लागली, माणसं चढली, एसटी निघूनही गेली. कुशाबाच्या कपाळावर घाम आला. आगाशेबाईंनी घड्याळ पाहिलं.

“र...” कुशाबा म्हणाला.

चुकलं, शमशादच्या मनात आलं. पण ती हलली नाही.

“रं... रं...” त्याने डोळे मिटले, मान वर केली. “रंभा.”

कुशाबाने डोळे उघडले. आपलाच आवाज ऐकून तो चकित झाला होता. मग त्याने छाती भरून घेतली आणि पैलतीराला पोचेल अशी हाक दिली, “रंभेऽऽ...”

आगाशेबाईंनी चष्मा काढून पुसला. कागदावर त्यांनी काहीतरी लिहिलं, त्याखाली सही ठोकली आणि हसत म्हणाल्या, “पास झालीस. जा, बोलाव त्यांना.”

शमशाद धावतच दाराशी गेली. रंभाबाई पडवीत बसलेली नव्हतीच. ती दाराच्या चौकटीला खेटून उभी होती, तोंडात पदराचा बोळा, डोळ्यांना धार लागलेली, आणि त्यातच हसत होती.

“मामी, ऐकलं न्हवं? ओ द्या की.”

रंभाबाईने तिचं मनगट घट्ट धरलं.

“गप ऱ्हा पोरी,” ती कुजबुजली, “मारू दे त्यास्नी अजून येकदा हाक.”