वारलूच्या नावाचा दगड

समाधीला दगड कोणता बसवायचा यावरून दोघा भावांची अंगणात जुंपली, तेव्हा वारलू आत खाटेवर पडून होता. डोळे मिटलेले होते, पण कान शाबूत होते. आणि मुख्य म्हणजे तो जिवंत होता.

सकाळीच त्याला नागपूरच्या दवाखान्यातून गावी आणलं होतं. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मुलांनी त्यातलं 'घरी न्या' एवढंच ऐकलं, आणि एकमेकांकडे बघून काय समजायचं ते समजून घेतलं.

थोरला अजय चंद्रपूरच्या कॉलेजात भूगोल शिकवायचा. धाकटा प्रफुल नागभीडला राहून रस्त्यांची कंत्राटं घ्यायचा. त्यामुळे दगड हा दोघांच्याही हक्काचा विषय. अजयचं म्हणणं, ग्रॅनाइटच हवा. पृथ्वीच्या पोटात खोलवर, युगानुयुगं हळूहळू निवलेला रस तो. म्हणून त्याचे कण मोठे, म्हणून त्याला चमक. पॉलिश केला की आरसा. ऊन, पाऊस, काही म्हणता काही लागत नाही त्याला. प्रफुलला हे पटेना. वरोऱ्याकडचा आपला काळा दगडही आगीतूनच आला की. जमिनीवर येऊन झटकन थिजला, म्हणून बारीक कणांचा आणि चिवट. सडकेची गिट्टी त्याचीच, रेल्वेच्या रुळाखाली तोच, घराघरातला पाटाही त्याचाच. तुझ्या ग्रॅनाइटवर बाया भाजी चिरतात, असंही त्यानं ऐकवलं. अजयनं शांतपणे दुरुस्ती केली, की त्याला काळा दगड नाही, बसाल्ट म्हणतात.

जमलेले पाहुणे माना डोलवत होते. आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसांना इतकं ज्ञान फुकटात मिळत नाही.

शेवटी अजयनं हुकमाचं पान टाकलं. "बाबा ग्रॅनाइटसारखे होते," तो म्हणाला.

त्यातला 'होते' वारलूनं खाटेवरून नीट ऐकला.

भांडण मिटवलं थोरल्या सुनेनं. साधना म्हणाली, चबुतरा काळ्या दगडाचा करा आणि वर नावाची पाटी ग्रॅनाइटची लावा. दोन्ही भावांना आपणच जिंकलो असं वाटलं. चंद्रपूरच्या दुकानदाराकडे दिवाळीआधी कामांची गर्दी असते, म्हणून पाटी आत्ताच सांगून ठेवायचं ठरलं. आधी कैलासवासी, मग नाव, मग जन्मसाल, मग मृत्यूचं साल. तारखेपुरती जागा मोकळी ठेवायची. साल मात्र कोरून घ्यायला हरकत नव्हती. वर्ष संपायला बराच अवकाश होता आणि बापावर त्यांचा विश्वास होता.

वारलूला आधी हसू आलं. मग राग आला. आणि रागापाठोपाठ, कित्येक दिवसांनी, सपाटून भूक लागली. उशाशी त्याची थोरली बहीण गुणाबाई बसली होती. तिच्याकडे त्यानं हळूच पेज मागितली. तिनं डोळे पुसले आणि चूल पेटवली.

संध्याकाळी मुलं आपापल्या घरी गेली. काही झालं तर लगेच शेजाऱ्यांकडून फोन कर, असं दोघंही आत्याला बजावून गेले. काही झालं नाही, म्हणून तिनं फोन केला नाही. पेजेनंतर वारलूला लाखोळीचं वरण चाललं, मग वाळल्या झिंग्यांची भाजी. पुढं तो भिंतीला धरून अंगणात येऊन उन्हाला बसू लागला.

असाच तो बसलेला असताना एक छोटा हत्ती टेम्पो दारात येऊन थांबला. मागच्या डाल्यात काळे चिरे आणि पोत्यात गुंडाळलेली पाटी. ड्रायव्हरनं खाली उतरून विचारलं, "बाबाजी, वारलूजीची समाधी कुठी हाय?"

वारलूनं त्याला नीट न्याहाळलं. "बनाची हाय अजून," तो म्हणाला. "तू उतरव इथीच."

माल पोचला की पैसे द्यायचे, म्हणून ड्रायव्हरनं प्रफुलला फोन लावला. प्रफुलनं अजयला कळवलं. दुपारपर्यंत दोघंही हजर झाले. दारात बाप झिंगे निवडत बसलेला पाहून त्यांना आनंदच झाला असावा, पण चेहऱ्यावर तो यायला जरा वेळ लागला. पाटी अंगणात उघडी पडली होती. अजयनं आधी तिच्यावर रुमाल टाकून पाहिला. रुमाल लहान होता. मग त्यानं बाजूला जाऊन दुकानदाराला फोन केला. कोरलेला माल परत घेत नाही, असं उत्तर आलं. नाव घासून टाकता येईल का, यावर दुकानदार म्हणाला, सर, ग्रॅनाइट आहे, तुम्हीच तर सांगत होता की काही केल्या जात नाही. प्रफुलनं सुचवलं, पाटी पालथी घालून न्हाणीत बसवू, कोणाला दिसणार नाही. चिऱ्यांची सोय तो लावणार होता. एका पुलाचं काम चालूच होतं.

वारलू काठी टेकत उठला. पाटीजवळ वाकून त्यानं अक्षर अक्षर लावत आपलं नाव वाचलं, मग साल वाचलं.

"वापस काऊन करता?" तो म्हणाला. "लिवलं हाय तं लावा वावराच्या धुऱ्यावर. अना तेरवी बी करून टाका. मी येतो जेवाले. तुमच्या घरी जेवून मले लय वर्सं झाले."