आतून कडी

"कडेच्या खोलीची किल्ली हरवलीय," घरमालकीण म्हणाली.

फवारणीच्या मुकादमाने पाठीवरचा पंप धपकन खाली ठेवला. मागच्या खेपेला त्या खोलीत पाहुणे झोपले होते. त्याआधी तिथे धान्य होतं. आता किल्ली!

"अहो ताई, गल्लीत पुन्हा काळा आजार निघालाय. समोरचं बाळ तापाने फणफणलंय. तो पसरवणारी माशी एवढीशी, भिंतीच्या फटीत बसते. सगळं घर फवारून एक खोली सोडली, तर ती तिथेच जाऊन बसणार. मग आम्ही काय नुसत्या माश्या मारत हिंडतो?"

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की काम तेच होतं. त्यामुळे तो आणखीच चिडला.

"आमच्याकडे कोणी आजारी नाही," बाई ठसक्यात म्हणाली. "मुलीला झाला होता, पण ती बरी झाली. मावशीकडे शिकायला गेलीय. तुम्ही उद्या या."

"उद्या काय किल्ली उगवणार आहे?"

त्याने दाराकडे पाहिलं. दाराला कुलूपच नव्हतं. त्याने ढकललं, तर आतून कडी होती.

तो काही बोलणार तोच कडी वाजली. दारात अठराएक वर्षांची मुलगी उभी होती. चेहरा फिकट चट्ट्यांनी भरलेला, हनुवटीवर बारीक गाठी.

बाई तिच्या आडवी उभी राहिली. "लोक कोड म्हणतील, महारोग म्हणतील. कोण उभं करील हिला दारात?"

मुकादमाचा राग कुठल्या कुठे गेला.

"ताई, असे चट्टे मी पाहिलेत. बहुतेक हा तोच आजार आहे. ताप जातो, पण कधी कधी आजार कातडीत दडून राहतो. डॉक्टर तपासतील. औषधाने बराही होतो. पण तोवर माशी हिला चावून दुसऱ्याला चावली, की…"

तो थांबला. मुलीची नजर समोरच्या घराकडे गेली होती.

"म्हणजे ते बाळ…"

"तुझा काय दोष, पोरी? तुला कोणी सांगितलं होतं?"

तिने चपला पायात सरकवल्या. "तुमची गाडी दवाखान्यावरून जाते ना?"

"अगं, भर दिवसा?" आई ओढणी घेऊन धावली. "तोंड तरी झाक!"

"कशाला?" मुलगी उंबरा ओलांडत म्हणाली. "दाखवायलाच तर चाललेय."