पुलावर चढवलेल्या गाड्या

केनीचं लग्न झालं त्याच वर्षी आलोशियसची गाडी बुडाली. लेकाच्या लग्नाला आता दोन वर्षं होत आली, सून घरात रुळली, पण गाडीची हळहळ काही म्हाताऱ्याच्या मनातून जात नव्हती.

रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात, चिंचेखाली, गावातले गाडीवाले जमत. कुणाचं बॉनेट उघडं, कुणी वाकून टायर बघतोय. आलोशियसकडे आता गाडी नव्हती, तरी चिंचेखालची मधली खुर्ची त्याचीच. त्याला विचारल्याशिवाय गावात कुणी वायपरसुद्धा बदलत नसे.

त्या रविवारी डेन्झिलने एका तरुणाला बरोबर आणलं.

"काका, हा विकी. आमच्या ऑफिसात नवीन लागलाय. नालासोपारा पूर्वेला राहतो. जुनी गाडी घ्यायचीय."

"किती जुनी? माझ्याएवढी?"

"तुमच्यापेक्षा बरी चालली पाहिजे," कार्मिन म्हणाली. ती शाळेत मास्तरीण, आणि गावात गाडी शिकलेली पहिली बाई. त्यामुळे आलोशियसला बोलायची मुभा एकट्या तिला होती.

विकी हसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "अंकल, पान्यात थांबणार नाय अशी पायजे. बायकोला सातवा चालू आहे. ऑगस्टात दिवस भरतील. आमच्या गल्लीत दरवर्षी गुडघाभर पानी, आणि हॉस्पिटल पश्चिमेला. हेमांगीला तेवढं एकदा पोचवलं की झालं. मग गाडी भंगारात गेली तरी चालेल."

आलोशियसने थट्टा सोडली. त्याला खुर्ची पुढे सरकवली.

"रिक्षाचा भरवसा नाही वाटत?"

"एकदा ठेवला होता. पान्यातून निघाली. पुढे अडकली."

"सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं असणार," आलोशियस म्हणाला.

विकी चिंचेच्या मुळांकडे बघत राहिला.

"हे बघ. गाडी उंच घे. आणि कळंबच्या बाजूला किनाऱ्यावर उभी राहिलेली घेऊ नकोस. खारी हवा खालून पत्रा खाते. वरून नवरी, खालून म्हातारी."

"हे मला बघूनच का बोलताय?" कार्मिन म्हणाली. डेन्झिल फिस्सकन हसला.

"सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा," आलोशियस पुढे सांगू लागला. "बुडालेली गाडी विकणारा सगळं धुतो, पुसतो, अत्तर मारतो. पण बेल्टचं आतलं टोक विसरतो. तिथे गाळाची रेघ दिसली की मागे फिरायचं. चहाला थांबायचं नाही."

"सीएनजी घे रे," डेन्झिल म्हणाला. "परवडते."

"आणि मागे टाकी! बाळाचं सामान काय टपावर बांधायचं?" कार्मिनने त्याला झापलं.

"पान्यात शिरल्यावर काय करायचं, अंकल?"

"पहिला गिअर. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही. माणूस घाबरतो, पाय उचलतो, आणि तिथेच बुडतो. तरीही बंद पडलीच, तर पुन्हा चावी फिरवायची नाही. इंजिन पाणी पितं. माझ्या गाडीने असंच प्यायलं. मी सोडून आलो तिला."

मग विकीच्या गुडघ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "मी बघितल्याशिवाय गाडी घ्यायची नाही. मी स्वतः येतो तुझ्याबरोबर. तुझी बायको वेळेवर पोचेल. ती जबाबदारी माझी."

विकी खाली वाकला आणि आलोशियसच्या पायांना हात लावला.

"आमच्यासाठी आजवर एवढं कोनी केलं नाय, अंकल."

"अरे, काकांनी तर अख्ख्या गावाच्या गाड्या वाचवल्यात!" डेन्झिलला आता राहवेना. "काकांची गाडी बुडाली त्या दिवशी सकाळपासून धो-धो पाऊस, त्यात भरती. पाणी ओसरायचं नाव नाही. काका छत्री मोडेपर्यंत दारोदार फिरले. 'बसलात काय, गाड्या रेल्वेवरच्या पुलावर चढवा!' पुलाची एक बाजू भरली. काका म्हणाले, दुसरी भरा. गावातली दुसरी एकही गाडी बुडाली नाही. मधल्या वाटेत कुणाचा तरी टेम्पो बंद पडला, तेवढंच. संध्याकाळपर्यंत तिथेच होता."

"मी विचारलं होतं हं यांना," कार्मिन म्हणाली, "की दोन्हीकडे गाड्या लावून वाट कशी बंद करताय? तर मलाच म्हणतात," आणि तिने आलोशियससारखा आवाज जाड केला, "'कार्मिन, असल्या पावसात पुलावर कोण मरायला येतंय!'"

सगळे हसले. आलोशियसही हसला.

"आणि गंमत बघ," तो विकीला म्हणाला, "सगळ्यांना हाकलता हाकलता माझ्याच गाडीला पुलावर जागा उरली नाही. लोकांच्या वाचल्या, माझी गेली. तेवढंच वाईट वाटतं. बाकी त्या दिवसाचं मला काही वाईट वाटत नाही."

विकी उठून उभा राहिला होता.

"अंकल, हे कधी झालं?"

"दोन वर्षं होतील. संत ॲनाच्या सणाचा आदला दिवस. पंचवीस जुलै. का रे?"

विकीची आई रंभा त्याच पंचवीस जुलैला दुपारी, त्या पुलाच्या पूर्वेकडच्या चढावर, गाड्यांमागे अडकलेल्या रिक्षात वारली.