दुसरी पायरी

रविवारच्या ध्यानाला दोन पायऱ्या असायच्या. आधी एखाद्या परक्या, दुःखी माणसाचं भलं चिंतायचं आणि मग ज्याच्यावर आपला राग आहे त्याचं. नाव मात्र कुणाचंच घ्यायचं नाही, असा तिथला नियम होता.

पार्लरवालीला पहिली पायरी सोपी जायची. ध्यानाला येणाऱ्या नर्सताई महिनाभर सांगत होत्या, "आमच्या वॉर्डात एक आजी आहेत. त्यांना भेटायला कुणीच येत नाही." पार्लरवाली डोळे मिटून त्या आजींसाठी जीव ओतायची. त्यांचं डोकं आपल्या मांडीवर आहे असं समजून मनातल्या मनात केस विंचरायची. घोडं अडायचं ते दुसऱ्या पायरीला. आई डोळ्यांसमोर आली की मनाला पाझर म्हणून फुटायचा नाही. एकाच शहरात राहून कित्येक वर्षांचा अबोला होता.

आज नर्सताईंचा आवाज जड होता. "आजी परवा गेल्या. शेवटी मलाच लेक समजत होत्या. म्हणाल्या, 'ठमे, राग गेला का गं?' मी म्हटलं, 'हो आई, कधीच गेला.' मग शांत झाल्या. खोटं बोलले मी. चुकलं का माझं?"

सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. पार्लरवाली तेवढी तशीच बसून राहिली. तिला ठमी म्हणणारं जगात एकच माणूस होतं.

ती नर्सताईंकडे वळली.

"ताई, नेताना केस विंचरले होते का कुणी तिचे?"