जोडीदारीण

शेवटचा लांब सूर पुन्हा घसरला आणि बाईंनी पियानोवरून हात उचलले.

"खालच्या आवाजातच कोणीतरी घसरतंय," त्या म्हणाल्या. "वरच्या मुली ठीक आहेत. उद्या याच वेळी समोरच्या खुर्च्या भरलेल्या असतील, आणि आपण अजून चोर शोधतोय."

शाळेच्या सभागृहात उद्याच्या समूहगानाची शेवटची तालीम चालली होती. दुपारपासून सगळ्या उभ्या होत्या. पायांचे तुकडे पडायची वेळ आली होती. काहीजणींनी एकमेकींच्या पाठीला पाठ टेकवली होती. पाण्याची एकच बाटली रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन रिकामी होऊन परत आली होती. मागच्या रांगेत लंबूने मान खाली घातली. चोर कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं. सूर ताणता ताणता छाती रिकामी व्हायला लागली की तिचा सूर हळूच खाली सरकायचा. सरकताना तिला कळायचं, पण आवरता यायचं नाही.

तिच्या शेजारी बारकी, लाकडी खोक्यावर उभी. मूर्ती एवढीशी आणि आवाज असा भारदस्त की पहिल्या दिवशी कोण गातंय म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं होतं. या दोघींची जोडी. लांब सूर मध्ये तुटू नये म्हणून बाईंनी जोड्याच लावून दिल्या होत्या: एकीने श्वास घ्यायचा तेव्हा दुसरीने सूर धरायचा, आणि आपली पाळी आली की कोपराने खूण करायची. लंबूला आपली ओळ काही केल्या जमेना, तेव्हा हीच बारकी मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून जिन्याखाली तिच्याकडून ती घोटवून घ्यायची. "घसा तुझा वापर, कान माझे घे," म्हणायची.

बाई आता एकेका जोडीला गायला लावत पुढे सरकत होत्या. या दोघींपाशी येऊन थांबल्या.

"इथेच आहे. आता एकेकटीने म्हणा."

आधी लंबू. एकटीने म्हणायचं तर सूर कुठे सोडायचा ते आपल्या हातात असतं. तिने छाती भरून घेतली, सूर लावला आणि घसरायच्या आत सोडून दिला. बाईंनी तेवढ्यावर मान डोलावली. मग बारकी. कालपासून तिला सर्दी, त्यात सगळ्यांचे डोळे तिच्यावर. सूर निघाला तोच थरथरत, आणि मध्येच फाटला.

"सापडला," बाई म्हणाल्या. मग बारकीचा चेहरा बघून जरा नरमल्या. "बाळ, उद्या तू नुसते ओठ हलव. समोरून कोणाला काही कळत नाही."

"उद्या माझे बाबा येणार होते, बाई. ते पहिल्यांदाच..." बारकीने पुढचं गिळलं. "हलवीन ओठ."

बोलायचं तर हीच वेळ होती. 'बाई, मी आहे,' एवढंच म्हणायचं होतं. पण लंबूने तोंडात मिठाची गुळणी धरली. उद्या तिचीही आई येणार होती, शेजारच्या काकूंना मुद्दाम सोबत घेऊन. पुढच्या रांगेतल्या मुलींनी मागे हात करून बारकीचे पाय थोपटले. कोणीतरी रुमाल दिला, कोणीतरी खिशातली खोकल्याची गोळी. "तुझ्या वाटणीचं आम्ही गातो गं," एकजण म्हणाली. लंबूनेही तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची तिला तेव्हाच लाज वाटली.

"चला, पहिल्यापासून," बाई म्हणाल्या.

गाणं सुरू झालं आणि लंबूने मनाशी ठरवलं: हिला गाऊ देत नाहीत ना, मग मीही गाणार नाही. तेवढंच पापाचं ओझं हलकं होईल असं तिला वाटलं. प्रत्येक शब्दाला तिने तोंड उघडलं आणि आवाज बाहेर येऊ दिला नाही. शेजारी शेजारी दोघींचे ओठ हलत राहिले. लांब सूर आला. सरळ, जिथल्या तिथे, शेवटपर्यंत. बाईंनी पियानोची पट्टी दाबून बघितली. तसूभरही फरक नव्हता.

"सुंठीवाचून खोकला गेला," बाई म्हणाल्या आणि दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. मुलींनी टाळ्या पिटल्या. दमल्या होत्या, आता घरी जायला मिळणार होतं.

तेव्हा कुठे लंबूला कळलं आपण काय करून बसलोय. इतका वेळ बारकीवर नुसता आळ होता. आता पुरावा झाला होता, आणि तो तिनेच दिला होता.

बारकीही टाळ्या वाजवत होती. मग खोक्यावर टाचा उंचावून ती लंबूच्या कानाशी आली.

"म्हणजे खरंच मीच होते गं," ती कुजबुजली. "मला वाटत होतं माझा बरोबर लागतोय. इतके दिवस तेच वाटत होतं." सर्दीने बसलेला आवाज आणखी खाली आला. "तुला तर रोज ऐकू येत असणार. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाहीस ना?"

बाईंनी शेवटच्या एका फेरीसाठी हात वर केला होता.

"हो," लंबू म्हणाली.

बारकीने तिचा हात घट्ट दाबला.