कोपऱ्यातला घोडा

पोरीने मोठ्याने चाल सांगितली आणि दिगंबररावांनी ती पुन्हा विचारून घेतली. खरंच वजीर देत होती ती! सामना अंधांचा, दोघांचे पट वेगळे, मोहरे भोकांत रोवलेले. त्यांनी बोटांनी चाचपून खात्री केली, वजीर मारला आणि पुढच्या सहा चालींत मात खाल्ली.

मग त्यांनी डाव पुन्हा लावून पाहिला. “पोरी, वजिराचा बळी चुकीचाच होता गं. कोपऱ्यातला हा घोडा मी बाहेर काढला असता, तर तू संपली होतीस.”

“माहीत होतं, सर.”

“मग वजीर दिलास कुठल्या भरवशावर?”

“घोडा तिथे गेल्यापासून तुमची बोटं पटभर फिरताना ऐकू येत होती. त्या कोपऱ्यात एकदाही खुट्ट झालं नाही.”

दिगंबररावांचा हात घोड्यावरच राहिला. पंचवीस वर्षं अजिंक्यपद राखताना त्यांनी समोरच्याची फक्त चाल ऐकली होती.